सोपवलेलं मत

बाजाराच्या मागच्या गल्लीत जिन्याखाली एक दुकान आहे. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. तिथे फ्यूजताई बसते. मिक्सर, इस्त्री, पंखे, गीझर, जे काही विजेवर चालतं आणि एक दिवस चालेनासं होतं, ते तिच्या बाकावर येऊन पडतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात इमारतीचा फ्यूज उडाला होता. पुरुषमंडळी मेणबत्त्या शोधत बसली आणि ही नवी नवरी स्टुलावर चढून तार बदलून मोकळी झाली. तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त बँकेत चालतं.

दुरुस्त केलेली वस्तू ती कधीच सरळ प्लगला लावत नाही. आधी एका दिव्यातून वीज सोडते. आत कुठे शॉर्ट राहिला असेल तर दिवा भक्कन पेटतो आणि वस्तू वाचते. "माझा माझ्या हातावर विश्वास आहे, पण आधी दिव्याला विचारते," असं ती गिऱ्हाइकाला सांगते. माणसांसाठी असा दिवा मात्र तिने कधी ठेवला नाही.

तिचा धाकटा दीर शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आला, तो नोकरी लागली तरी जेवायला तिच्याच घरी. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून घरात ढब्बू. आता काडीसारखा झाला तरी ढब्बूच. तो एका ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेकांच्या संगणकांवर एकत्र ठेवलेल्या नोंदवहीच्या, समुदायात काम करायचा. तिथे म्हणे कचेरी नाही, साहेब नाही. जगभरातली माणसं टोपणनावाने वावरतात, आणि ज्याच्याकडे त्या समुदायाची टोकन, म्हणजे डिजिटल नाणी, असतात त्याला टोकनांच्या प्रमाणात मत मिळतं. ढब्बूचं तिथलं नाव होतं निळा खेकडा.

एकदा कोणी जुना मिक्सर घेऊन आलं. फ्यूजताईने तो उघडला आणि कपाळाला हात लावला. आत आधीच्या कोणा कारागिराने चिकटपट्टी आणि देवावर भरवसा ठेवून काम उरकलं होतं.

"आधी कोणी हात लावला हे कळायला हवं," ती म्हणाली.

ढब्बू शेजारी तिच्या डब्यातल्या पोळीचा रोल खात बसला होता. तो खाता खाता थांबला. "वहिनी, हे करता येईल. प्रत्येक दुरुस्तीची नोंद ब्लॉकचेनवर. एकदा लिहिलं की कोणाला पुसता येणार नाही. वस्तूवर एक स्टिकर, फोन धरला की सगळा इतिहास समोर."

अशी ती योजना निघाली. समुदायाच्या सामायिक निधीतून नव्या प्रकल्पांना तात्पुरतं प्रोत्साहन अनुदान मिळायचं. एका हंगामापुरतं. जो नोंद करेल त्याला थोडी टोकन, आणि नोंदीचा खर्चही निधीच भरणार. लोकांना सवय लागावी हा हेतू. हंगाम संपला की सगळ्यांनी मत द्यायचं, अनुदान पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं. ढब्बूने अर्ज केला, तो मंजूर झाला. कोड त्याने लिहिला. माणसं आणली फ्यूजताईने.

गल्ली पटवणं सोपं नव्हतं. घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावूनच तिचं बोलणं ऐकत होते.

"मालक कोण याचा?"

"मालक नाही, काका. सगळेच मालक."

"मग तक्रार कोणाकडे करायची? सगळ्यांकडे?"

"माझ्याकडे करा."

"हां, मग ठीक आहे," काका म्हणाले आणि भिंग काढलं.

काका आले म्हटल्यावर शिलाई मशीन दुरुस्त करणारी मावशी आली, आणि ज्याने स्वतःच्या पाटीवर 'बुटांचा डॉक्टर' असं रंगवून घेतलं होतं तोही आला. काकांनी या कामासाठी नवा फोन घेतला. मावशीने गिऱ्हाइकांना ठासून सांगितलं की आता तुमच्या मशीनची कुंडली कायमची राहणार. प्रत्येकजण फ्यूजताईच्या शब्दावर आला होता, आणि ती हे जाणून होती.

टोकन आली तशी मतंही आली. पण मत द्यायचं तर फोरमवरची लांबलचक चर्चा वाचायला हवी. ती कोण वाचणार? ढब्बूने उपाय सांगितला. "मत माझ्याकडे सोपवा. टोकन तुमचीच राहतात, फक्त तुमच्या वतीने मत मी देतो. एक बटण दाबायचं."

फ्यूजताईने आधी आपल्या फोनवर दाबलं, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. मग दुकानोदुकानी जाऊन सगळ्यांच्या फोनवर. एकदा सोपवलेलं मत परत काढून घेईपर्यंत त्याच्याकडेच राहतं, हे ढब्बूने सांगितलं होतं. पण घरातल्या माणसाकडून मत परत घ्यायचा विचार कोणाच्या मनात येतो? सभेला जाता येत नाही म्हणून शेजाऱ्याला निरोप द्यावा, तितकंच त्यांना ते वाटलं.

हंगाम संपत आला. "अनुदान पुढे चालेल ना?" मावशीने विचारलं. फ्यूजताईने ढब्बूला विचारलं. तो फोनमध्ये मान घालून म्हणाला, "मी बघतो, वहिनी." तिने मावशीला सांगितलं, "ढब्बू बघतोय."

निकाल तिने दुकानात उभ्या उभ्या पाहिला. अनुदान थांबवलं होतं. 'थांबवा' या बाजूला सर्वांत वर निळा खेकडा होता. त्याच्या नावावर बोट ठेवल्यावर खाली एक यादी उघडली. ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडे मत सोपवलं होतं त्यांची. पहिलं नाव तिचं. मग काका, मावशी, बुटांचा डॉक्टर. गल्लीने आपल्याच हाताने आपलं काम बंद पाडलं होतं, आणि ती मतं नसती तर अनुदान चालू राहिलं असतं.

तिने शटर अर्धं ओढलं आणि ढब्बूच्या कामाच्या जागी गेली. भाड्याने टेबल मिळणारा मोठा हॉल. कानात हेडफोन घातलेली माणसं काचेपलीकडच्या माशांसारखी बसलेली.

"चुकून झालं का रे?" तिने विचारलं. वाटेभर ती मनात हेच घोळवत आली होती.

"नाही." त्याने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. "नोंदी बघितल्यास का तू? बुटांचा डॉक्टर एकाच चपलेला रोज नवी टाच लावत होता. फक्त टोकनसाठी. मी तपासून अहवाल लिहिला. खोट्या नोंदींवर निधी कसा चालू ठेवायचा?"

हे खरं होतं, आणि ते खरं असल्यामुळे तिला जास्त लागलं.

"मला सांगितलं असतंस तर त्याचा कान धरला असता मी. चार वाईट नोंदी काढून टाकल्या असत्या—"

"नोंदी काढता येत नाहीत, वहिनी. आणि तुला आधी सांगणं बरोबर झालं नसतं. आतली माणसं, आतली माहिती. शिवाय सगळं फोरमवर होतं. उघड होतं."

"उघड होतं. पण सांगितलं नाहीस."

तो पडद्याकडे वळला. त्याच्या पडद्यावर लोकांनी लिहिलेलं दिसत होतं. स्वतःच्याच प्रकल्पाविरुद्ध मत देणारा माणूस, याला म्हणतात प्रामाणिकपणा, अशी वाक्यं एकाखाली एक. त्याच्याखाली त्याच्या निवडीची सूचना. पुढची अनुदानं कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या मंडळात निळ्या खेकड्याला जागा मिळाली होती.

"हे कधी ठरलं?"

"मागेच विचारलं होतं त्यांनी. पण मी त्यासाठी नाही केलं."

"तुझं मत तू तत्त्वासाठी दिलंस, मान्य. आमचं का दिलंस? आमची तत्त्वं तू विचारली होतीस?"

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने हेडफोन काढला. ढब्बूने आवाज खाली आणला. "मतं वेगवेगळी दिली असती तर दुटप्पी दिसलं असतं."

ती घरी आली. नवरा बेकरीत पहाटेची पाळी करून झोपून उठला होता, कानाच्या पाळीला अजून पीठ होतं. तिने सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"माझाच भाऊ," तो म्हणाला. "केसाने गळा कापला म्हणायचं, तर केसही त्याने रीतसर विंचरून घेतले."

संध्याकाळी ढब्बू नेहमीप्रमाणे जेवायला आला. आला तो चपला काढायच्या आधीच बोलला. मंडळातली जागा ठेवायची तर पाठीशी ठराविक मतं लागतात. गल्लीने मतं काढून घेतली तर जागा जाईल.

"पुढच्या हंगामात मी तुमचा अर्ज नीट मांडेन. तोवर राहू दे, वहिनी. घरातलं माणूस म्हणून विचारतोय."

"घरातलं माणूस म्हणूनच दिलं होतं."

तिचा नवरा ताट मांडत होता. "त्याला पोळी वाढ," तो म्हणाला. "मत वाढू नकोस."

तिने पोळी वाढली. मग त्याच्या समोरच फोन काढून आपलं मत परत घेतलं. ढब्बूने मान वर केली नाही. त्याने भाजीही परत मागितली नाही, हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

सकाळी ती काकांकडे गेली. काकांना आधीच कळलं होतं. कोणा गिऱ्हाइकाने स्टिकरवर फोन धरला होता, योजना बंद झाल्याची सूचना वाचून दाखवली होती आणि मतांची यादीही.

"तुझं नाव विरोधात दिसतंय," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "माझंही दिसतंय. मी कधी विरोध केला गं?"

"माझ्या दिराने केला. मी त्याला मत दिलं आणि तुमच्याकडूनही देववलं. मला माहीत नव्हतं, काका."

"तो तुझ्या घरी जेवतो."

"हो."

"आणि तुला माहीत नव्हतं."

नोंद पुसता येत नाही हे तिनेच गल्लीला कौतुकाने सांगितलं होतं. आता कोणीही, कुठूनही, तिचं नाव त्या बाजूला वाचणार होतं, आणि त्याच्याशेजारी तिची बाजू लिहायला जागा नव्हती.

"मत परत घेता येतं," ती म्हणाली. "द्या फोन, मी करून देते."

काकांनी फोन खिशातून काढला, पण दिला नाही. "बटण कुठलं ते सांग. मी दाबतो."

ती काउंटरच्या अलीकडे उभी राहून सांगत राहिली. काकांचं बोट दोनदा चुकलं, भलतंच काही उघडलं, तरी त्यांनी फोन पुढे केला नाही. शेवटी जमलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि समोरचं घड्याळ ओढून घेतलं.

"मावशीकडे जाणार असशील ना आता?"

"हो."

"ती रडेल. उभी राहा तिथे थोडा वेळ."

फ्यूजताई मावशीच्या दुकानाकडे निघाली.