डोहातली म्हैस

आमची म्हैस डोहात बसते, तेव्हा तिच्या नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर दिसतात. काल तिच्या शेजारी मी धडपडत होते. पुढच्या महिन्यात समुद्रात जायचंय, पाण्याखालचं गवत चरणाऱ्या समुद्रगाईंचे फोटो काढायला. तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं, आणि पाय अजिबात मारायचे नाहीत. पाणी ढवळलं की त्या निघून जातात म्हणे.

तेच मला जमत नाही. मी पोहायला विहिरीत शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून. काठावरून माझे वडील, आबा, ओरडायचे, "हातपाय मार, न्हायतर बुडशील!" मी मारत राहिले. घराण्यातली पहिली पदवीधर झाले, ती त्याच जोरावर. त्याचा मला अभिमान आहे. पण आता खुर्चीत बसले तरी पाय हलत असतात.

"म्हशीकडं बघ की जरा," आबा कालही काठावर होते, ते हसले. "तिला कुणी शिकवलंय?"

"मला तुम्हीच शिकवलंत ना पाय मारायला!"

आबा हळूच म्हणाले, "तवा तू बुडशील म्हणून भ्या वाटायचं, पोरी. आता न्हाय वाटत."

मी पाय सोडून दिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. कॅमेरा काठावरच होता. म्हशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ती जागची हलली नाही.