साडूभाऊंचं लढाऊ विमान

देवाने माणसाला साडू दिला तो त्याचा जीव जाळायलाच, आणि माझ्या वाटणीचा साडू घडवताना त्याने जरा जास्तच मन लावलं होतं. सौदीत हुफूफला आमची घरं शेजारी-शेजारी. मी एसी दुरुस्त करणारा, ते सिमेंट कंपनीत हिशेबनीस. पण त्यांना दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान उडवायचं होतं. स्वतः! विलायतेत अशी जुनी विमानं हौशी लोक अजून उडवतात, असं कंपनीतल्या एका इंग्रज साहेबाने सांगितल्यापासून हे भूत त्यांच्या मानगुटीवर बसलेलं. भात कालवता कालवता ते सांगत, "आधी साधं लायसन. मग शेपटीखाली चाक असलेल्या विमानावर पुष्कळ तास. मग गुरू मागे बसवून सराव. उगाच कुणाच्या हातात देत नाहीत!" खर्चाचं विचारलं की म्हणत, "तासाभराच्या पेट्रोलात तुमच्या मुलीचं लग्न होईल." माझ्याच मुलीचं का, हे विचारायची सोय नव्हती, कारण तोवर माझी बायको कौतुकाने त्यांच्या पानात सुरमईची दुसरी तुकडी वाढत असे. मला कुणी विचारतही नसे.

चक्रमपणा तरी किती! एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात हिरवा. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, डोहाळजेवणाला हिरवी साडी म्हणून विटकरी घेऊन आले. आम्ही हसलो की म्हणत, "वैमानिकाचं लक्ष आभाळात असतं." त्यावर आमची ही म्हणे, "मोठी माणसं अशीच असतात हो." आणि मी एकदा बनियन उलटा घातला, तर केवढी बोलली!

मग कुवेतवरून आखातात युद्ध पेटलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल. भोंगा झाला की दोन्ही घरं आमच्या आतल्या खोलीत. मी विषारी वायूच्या भीतीने चढवलेल्या मास्कमधून रामरक्षा पुटपुटतोय, आणि हे कान टवकारून, "हे गेलं ते दोन इंजिनांचं. याला काय, कंप्युटर उडवतो! खरं विमान जुनं." पोरं भीती विसरून त्यांना बिलगत. माझी मुलगीसुद्धा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

लढाई थांबली आणि साडूभाऊंनी मनावरच घेतलं. या सुट्टीत मुंबईच्या फ्लाइंग क्लबात नाव घालायचं. त्याआधी इथेच तब्येत तपासून घ्यायची. गाडी माझी, म्हणून मी बरोबर. निघताना ताईंनी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. मलबारी डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. "नंबर बोलो."

साडूभाऊ बघतच राहिले. "नंबर किधर है?"

मला माझ्या खुर्चीतून स्पष्ट दिसत होता.

"लाल-हरा अलग नहीं दिखता आपको. पैदाइशी है," डॉक्टर म्हणाला. "पायलट का खलास."

परतताना ते एवढंच बोलले, "मोज्यांना हसायचात ना, मला वाटायचं तुम्ही चेष्टा करताय."

दारात दोघी बहिणी उभ्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते आयतं माझ्या ताटात पडलं होतं. "काय म्हणाला डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"नजर घारीची आहे म्हणाला," मी म्हणालो. "फक्त वय आडवं आलं. जरा आधी यायला हवं होतं."

"पाहिलंत? मी म्हणतच होते!" असं म्हणून तिने मोठी तुकडी त्यांच्याच पानात वाढली. मला पुन्हा शेपटी.

जेवताना वरून विमान गेलं. साडूभाऊंनी मान वर केली नाही. पोरं त्यांच्याकडे बघत होती. शेवटी मीच विचारलं, "भाऊ, हे कुठलं हो?"

ते थोडा वेळ भात चिवडत राहिले.

"दोन इंजिनांचं," ते म्हणाले. "याला काय, कंप्युटर उडवतो."