बंद घर, शेजाऱ्याप्रमाणे

माझ्या काकांना सगळे फीतकाका म्हणत. घरपट्टी खात्यात बत्तीस वर्षं ते मोजणीदार होते. लोकांची घरं मोजायची, लांबी-रुंदी वहीत मांडायची. त्या आकड्यांवरून पुढे कर ठरायचा. एखाद्या खोलीचा कोपरा काटकोनात बसला नाही की त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. काकू म्हणायच्या, मला बघायला पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माणसांची नावं विचारायच्या आधी यांनी ओटा किती फूट ते विचारलं.

खात्यात एक जुनी सोय होती. घराला कुलूप दिसलं की वहीत 'बंद घर, शेजाऱ्याप्रमाणे' असं लिहायचं, शेजारच्या घराचे आकडे उतरवायचे आणि पुढे चालू लागायचं. काकांनी हे कधीच केलं नाही. कुलूप लागलेल्या घरापुढे ते तीन-तीनदा जायचे, एकदा तर अंगात ताप घेऊन गेले. सोबतचे हसायचे. फीतकाकांच्या वॉर्डात घरं कमी आणि खेपाच जास्त, असं एकानं निरोपाच्या भाषणातही सांगितलं. काकाही हसले होते तेव्हा.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी नवी फेरमोजणी निघाली. नेमकं त्या दिवशी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि घराला कुलूप होतं. महिन्यानं नोटीस आली. तळमजल्यावर तीन खोल्या, वरच्या मजल्यावर दोन. काकांच्या घराला वरचा मजलाच नाही. शेजाऱ्याला आहे.

काकांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. नोटीस त्यांनी एकदाच वाचली आणि पालथी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलंच घर मोजायला घेतलं. फितीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. ते टोक जरा सैल पडलं की न बघता म्हणायचे, "ताण." नकाशा पेन्सिलीनं काढला, त्यावर शाई फिरवली आणि हरकतीच्या अर्जाला जोडला. कर वाढला होता, पण पेन्शनमधून भरता आला असता. त्यांना फक्त एक ओळ हवी होती, मोजणी चुकली आहे अशी.

सुनावणीला मी बरोबर गेले. बाकामागच्या भिंतीवर डोकी टेकून टेकून तेलाचे काळे डाग ओळीनं उमटले होते. खिडकीत अर्ध्या कपातल्या चहावर साय धरली होती आणि सायीत एक माशी होती. आम्ही दोन तास बसलो. तेवढ्या वेळात तो कप तीन जणांनी पाहिला, उचलला कुणी नाही.

आतले साहेब नोकरीला लागले तेव्हा वर्षभर काकांच्या फितीचं दुसरं टोक धरून हिंडले होते. ते उठून उभे राहिले, काका, काका म्हणाले, आणि बाजूच्या गठ्ठ्यातून एक छापील कागद ओढला. मोजणी मान्य आहे, तरी वयाचा विचार करून सवलत मिळावी, असं त्यावर आधीच लिहिलेलं होतं. फक्त सही राहिली होती. नकाशा त्यांनी उघडलाही नाही. दार लोटून घेऊन हळू आवाजात समजावलं, की आकडे मुळातच जरा चढवलेले असतात. मग हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला पंधरा टक्के सूट द्यायची, लोक खूश होऊन घरी जातात, वही उघडावी लागत नाही.

हे केव्हापासून, काकांनी विचारलं.

साहेब हसले. "तुमच्या वेळीही हेच होतं की, काका. तुमच्या इंचांना कोण विचारत होतं?"

काकांनी नकाशाची घडी घातली, घडीवर नख फिरवलं. म्हणाले, "कर पुरा घे. मोजणी चुकली, एवढं लिहून दे."

"पैसे कमी करता येतात, काका. चूक लिहिता येत नाही. तुमची लिहिली तर उद्या सगळा वॉर्ड दारात उभा राहील."

घर काकूंच्या नावावर, म्हणजे सवलतीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार. कागद घरी आला. डोळा अजून न सुधारल्यानं काळा चष्मा लावून बसलेल्या काकूंनी तो मला दोनदा वाचायला लावला. मला वाटलं, सही करतील. नवऱ्याच्या इंचांपायी बत्तीस वर्षं कपाळाला हात लावलेली बाई ती.

"नसलेल्या खोल्यांसाठी दया मागू मी?" त्या म्हणाल्या. "एक दिवस झाडायलासुद्धा मिळाल्या नाहीत त्या."

कागद बिनसहीचाच परत गेला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अर्जदार सुनावणीस हजर. मोजणी मान्य. पंधरा टक्के सूट मंजूर. अर्जदाराचे समाधान झाले. सही नव्हती, हजर होतो एवढं त्यांना पुरलं होतं. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा काकांनी तो कागद दोन बोटांत धरला, टेबलावर टाकला आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. परत आले, कागदाकडे पाहिलं, पुन्हा जाऊन धुतले. वर अपील करता येतं का, मी विचारलं. येतं, म्हणाले, पण वरचेही हेच कागद वाचतात.

मग काकूंनी त्यांना पेन घ्यायला सांगितलं. जन्मभर आकडेच लिहिलेल्या काकांनी त्या सांगतील तसं लिहून घेतलं: 'वरचा मजला आमच्या ताब्यात नाही. आपल्याकडे असल्यास किल्ली पाठवावी.' खाली काकूंनी सही केली, चाचपडत, पण पूर्ण नावानं.

आवक खिडकीवर पत्र मीच दिलं. तिथल्या बाईंनी न वाचता शिक्का मारला आणि पोचपावती माझ्याकडे सरकवली.