अप्पा, स्ट्रायकर म्हणजे संपवाला नव्हे हो!

मंडळी, आज सकाळी सकाळीच डोकं उठलंय.

चहाच्या टपरीवर सिद्रामअप्पा भेटले. आम्ही दोघं सोलापुरात एकाच गिरणीत होतो. फुटबॉलचा विषय निघाला आणि अप्पांनी पुन्हा तेच काढलं. "त्या स्वीडनच्या स्ट्रायकरवर लई अन्याय झाला बगा. संपात पुढं हुता की!"

अहो, स्ट्रायकर म्हणजे गोल मारणारा! सत्तरच्या दशकात जेवणाच्या सुट्टीत पेपर मीच वाचून दाखवला होता. हा जुना खेळाडू इटलीत गेला, गोलांचे विक्रम केले, पण परदेशात पैसे घेऊन खेळतो म्हणून देशाच्या संघानं त्याला घेणं बंद केलं. गिरणीत तेव्हा संपाचं वारं. अप्पांना वाटलं स्ट्रायकर म्हणजे संपकरी आणि संघ म्हणजे कामगार संघ. दुसऱ्या दिवशी गेट मीटिंगमध्ये त्यांनी स्वीडनच्या कामगार बंधूला पाठिंब्याचा ठराव मांडला. टाळ्यांच्या कडकडाटात मंजूरसुद्धा झाला!

तेव्हापासून सांगून सांगून थकलो. आज तर बाकड्यावर पाण्यानं मैदान काढून दाखवलं. अप्पा शांतपणे म्हणाले, "असंल फुटबॉलवाला. पोटासाठी भायेर गेला म्हनून आपल्याच मानसांनी परत घेतलं न्हाय. व्हय का न्हाय?"

संप फसल्यावर अप्पा पोटासाठी भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेले होते. परतले, तेव्हा आमच्या कामगार संघानं त्यांना पुन्हा सभासद करून घेतलं नाही.

आता तुम्हीच सांगा, या माणसाला फुटबॉल शिकवायचा तरी कशाला?