बोहनीच्या आधी

मला सांगा, विश्वास ठेवावा तरी कुणावर? कुलपावर, किल्लीवर, की किल्ली कमरेला खोचून हिंडणाऱ्यावर? परभणीच्या बाजारात भुसार माल विकता विकता मी म्हातारा व्हायला आलो, पण याचं उत्तर अजून कुणाला पुडीत बांधून देता आलं नाही. किस्से मात्र कितीही न्या! धान्याच्या दुकानात रोज झाडलं तरी कोपऱ्यात मूठभर दाणे निघतातच. तसेच हे, आमच्या गल्लीतली पतसंस्था बुडाली त्या उन्हाळ्यातले.

* * *

चेअरमन गायब, ठेवी गायब. चौकशीला सहकार खात्याचे साहेब आले ते भर दुपारी. सगळी गल्ली पेंगत होती. सावरीचा कापूस तरंगत तरंगत खिडकीतून आत जायचा आणि रिकाम्या काउंटरवर हळूच टेकायचा. जसा काही ठेवीदारच!

साहेबांनी तिजोरी फोडायला लावली. आत लक्ष्मीपूजनाचा एक नारळ. बाकी काही नाही.

कॅशियर घाईघाईनं म्हणाला, "साहेब, नारळाची पावती हाय आपल्याकडं!"

* * *

मग पाटी रंगवणारा पेंटर हजर झाला. पाटीवर त्यानंच लिहिलेलं, 'तुमचा पैसा, आमचा विश्वास'.

"तुमचं काय बुडालं?" साहेबांनी विचारलं.

"'पैसा' लिहिल्याचं मिळालं साहेब. 'विश्वासा'चं बाकी हाय!"

* * *

चौकशी लांबली तशी गल्लीला स्वप्नं पडायला लागली. कापडवाले शंकरअप्पा सकाळीच माझ्या गादीवर येऊन बसले.

"काल चेअरमन आला होता वो. हातात थैली. सगळी ठेव परत द्यायलाता."

"मग?"

"व्याज कमी लावलं होतं. मी घेतलं न्हाई. भांडता भांडता जाग आली!"

दिवसभर अप्पा हळहळत होते, "गप घेतलं असतं तर!"

* * *

पिग्मी एजंट बाबाराव रोज दुकानोदुकान फिरून आमच्या दहा-वीस रुपयांच्या ठेवी गोळा करायचा. साहेबांनी त्याला बोलावलं. "तुमची स्वतःची ठेव कुठं होती?"

"तिथंच की साहेब. मीच दुसरीकडं ठिवली असती, तर लोकायनं माझ्या हातात का द्यावी?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. चौकशीत बाबाराव निर्दोष सुटला. गल्लीत नाही सुटला. बिचारा सायकलवर अगरबत्ती विकायला लागला. तो दिसला की दुकानदार गिऱ्हाइकात गुंतायचे, गिऱ्हाईक नसलं तरी! मीही त्यातलाच.

* * *

आमच्या बाजारात पहिली विक्री, म्हणजे बोहनी झाल्याशिवाय गल्ल्यातून रुपया बाहेर निघत नाही. सख्खा भाऊ आला तरी नाही. बांगड्यावाली हमीदाबी तर याबाबत लय कडक. पोरीच्या लग्नासाठी जमवलेली तिची सगळी पुंजी पतसंस्थेत गेली, आणि तीही बाबारावच्याच हातून.

एका सकाळी दुकानं नुकतीच उघडत होती. कोवळं ऊन तिच्या बांगड्यांतून गळून रस्त्यावर लाल-हिरवं सांडलं होतं. त्यातून बाबाराव मान खाली घालून सायकल ढकलत चालला होता.

"बाबाभाऊ, थांब!"

जो तो दुकानाच्या पायरीवर आला. आता शिव्या बसणार! हमीदाबीनं गल्ला उघडला, नोट काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि अगरबत्तीचा पुडा उचलला.

मला राहवलं नाही. "भाबी, बोहनी व्हायचीय तुमची! पैसे बाहेर काढायलाव?"

"बाहेर कुठं शेठ? जमा करायलेय."

आणि बाबारावकडं वळून म्हणाली, "रोज येत जा, बाबाभाऊ. हिशोब तेवढा नीट ठेव."