कमरेच्या उंचीवरची फुली

मंडळी, आज सकाळी आमच्या फोरबर्गच्या घरी तळघराच्या कामाला इलेक्ट्रिशियन आला होता. भिंतींवर इन्सुलेशन चढवण्याआधी प्लगच्या जागा ठरवायच्या होत्या. मी ऐटीत खडूने आठ खुणा केल्या. इथल्या डच पद्धतीप्रमाणे सगळ्या जमिनीलगत.

नाशिकहून आलेल्या आईने खडू मागितला आणि कमरेच्या उंचीवर एक फुली मारली. "एक इथे दे रे. चार्जर लावायला वाकवत नाही आता."

दोन महिने ती किचनमध्ये उभी राहूनच फोनवर बोलते म्हणून मी तिला चिडवतोय! ओट्यावरचा सोडला तर घरातला एकही प्लग तिच्या हाताला लागत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आठही खुणा पुसून वर घेतल्या.

तुमच्याकडे आलेले आई-बाबा काय काय न बोलता चालवून घेतायत, विचारलंय कधी?