दोन मिनिटांची डुलकी

श्रीरामपूरच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "न्हाई जमलं तर माघारी ये. लाजू नको." मायेनंच म्हणाले, पण मला ते झोंबलं. तीन महिन्यांत नोकरी कायम झाली नाही तर परत यायचं आणि घरच्यांनी पाहिलेल्या मुलाला हो म्हणायचं, असं ठरलं होतं. माघारी यायचं नाही, हे मी गाडी सुटायच्या आतच ठरवून टाकलं.

तुम्हा आपल्या गावच्या, बेलापूरच्या माणसांना ठाऊकच आहे, अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर असले तरी अर्ध्या गल्लीची पत्रं नि अर्ज तेच लिहायचे. लिहिलेलं पत्र ते रात्रभर फळीवरच्या पवित्र शास्त्राखाली, म्हणजे बायबलखाली, ठेवत. "रागाचं असू दे न्हाईतर खुशीचं, पत्र एक रात निजू द्यावं. सकाळी वाचावं, मंग टाकावं." हे इतकं अंगात मुरलेलं, की पुण्यात मशीनचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत बसल्यावरही माझा हात 'सेंड'वर जाईना. प्रत्येक ईमेल ड्राफ्टमध्ये ठेवायची, सकाळी वाचायची, दोन शब्द बदलायचे आणि मग पाठवायची. मला वाटायचं, मी फार काळजीनं काम करते.

दुसऱ्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं माल नव्या पत्त्यावर मागितला. गोदामाला कळवणारी ईमेल मी छान लिहिली आणि निजवली. सकाळी ती पाठवेपर्यंत टेम्पो जुन्या पत्त्यावर निघून गेला होता. आमच्या विभागाच्या मॅडमनी आवाज चढवला नाही. "ईमेल चांगली लिहिली आहेस. काल हवी होती," एवढंच म्हणाल्या आणि तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत सुधारायला सांगितलं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

माझ्या टेबलाच्या खणात ऑफिसातल्या ईमेल सॉफ्टवेअरचं गाइड पडलं होतं. बारा पानी, इंग्रजी, चहाचे डाग पडलेलं. तोवर मी त्यावर डबा ठेवत होते. आता रोज जेवणाच्या सुट्टीत एक पान, असा नेम धरला. एका हातात भाकरीचा घास, दुसऱ्या हातात अडलेल्या शब्दासाठी मोबाईल. वाचलेलं लगेच करून बघायचं, आणि चूक कुणाला दिसू नये म्हणून ईमेल स्वतःलाच पाठवायची. विचारायला माणसं नव्हती असं नाही. पण तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारताना जीभ अडते. गाइड कपाळाला आठ्या घालत नाही.

नवव्या पानावर सापडलं. 'सेंड' दाबल्यावरही ईमेल दोन मिनिटं रोखून धरायचा नियम लावता येतो, आणि तेवढ्यात ती उघडून दुरुस्त करता येते. ती ओळ मी तीनदा वाचली. नियम लावला नि ड्राफ्टमध्ये निजलेलं सगळं त्याच दुपारी पाठवून मोकळी झाले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी कायम झाले.

फोनवर हे सगळं सांगितलं तर अण्णा म्हणाले, "दोन मिंटात पत्र निजतं व्हय?"

"डुलकी काढतं, अण्णा."

ते बराच वेळ हसत होते. पाहिलेल्या मुलाचा विषय नंतर कुणी काढला नाही.

आता गावाकडून येणाऱ्या पोरींसाठी मीच मराठीत चार पानांचं गाइड लिहिलंय. बटणांची चित्रं हातानं काढलीत, जरा वाकडीच आलीत. तुमच्यातलं कुणी निघणार असेल तर मागून घ्या. आणि जे आधीच निघालेत त्यांनी माघारी वळायच्या आधी ती चार पानं वाचावीत.

परवा एका सहकाऱ्यावर भडकून मी सणसणीत ईमेल लिहिली नि पाठवलीसुद्धा. मिनिटभरानं उघडून वाचली, आणि पुसून टाकली. बेलापूरला मी वर्षातून एकदा जाते, नाताळला. पण घर मला रोज भेटतं ते त्या दोन मिनिटांत. पत्र अजून माझ्या हातात असतं, आणि फळीपाशी अण्णा उभे असतात.